दोष जिभेचा की कानाचा?

संपादक साहेब, नमस्कार,

"त्याला शुद्ध बोलता येत नाही" असं आपण अगदी सहज बोलून जातो, पण त्या एका वाक्याने समोरच्याचं किती नुकसान होतं हे कुणी बघत नाही म्हणून हे पत्र. गरिबीवरून किंवा रंगावरून कुणाला तोंडावर हिणवलं तर निदान कोणीतरी टोकतं तरी, पण उच्चारावरून नोकरी नाकारली की "कम्युनिकेशन स्किल कमी पडलं" असं म्हणून मोकळं होता येतं आणि ज्याला नाकारलं त्या बिचाऱ्यालाही ते पटतं. मला हेच सगळ्यात वाईट वाटतं.

अमेरिकेत डोनाल्ड रुबिन नावाच्या संशोधकाने केलेला आणि १९९२ साली छापून आलेला एक प्रयोग आहे. कॉलेजच्या मुलांना एकाच बाईच्या आवाजातलं एकच लेक्चर टेपवर ऐकवलं, फक्त समोर काही जणांना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला आणि काही जणांना आशियाई बाईचा. आवाज तोच, शब्द तेच, तरी आशियाई चेहरा बघणाऱ्यांना उच्चार परका वाटला आणि लेक्चरही कमी समजलं! म्हणजे जीभ बिचारी नीट बोलत होती, कानानेच आधी ठरवून टाकलं होतं.

जॉन बॉ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी तर स्वतःच भाड्याच्या घरांसाठी फोन केले, माणूस एकच पण बोलण्याची ढब तीन प्रकारची, आणि गोऱ्या वस्त्यांमध्ये कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन ढब ऐकली की घर बघायला या म्हणणारे कमी व्हायचे. चेहराही न बघता, नुसत्या आवाजावरून. आता मशीनही तेच शिकतंय, २०२० च्या एका अभ्यासात मोठमोठ्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चुका गोऱ्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे साधारण १९ आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ निघाल्या.

आणि ही "शुद्ध" भाषा काही आभाळातून पडलेली नाही हो, ज्यांच्या हातात सत्ता त्यांची बोली प्रमाण ठरते. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात कितीतरी शाळांत वर्गात इंग्रजीऐवजी तिथली वेल्श भाषा बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. घरी आई जे बोलते त्याचीच शाळेत लाज वाटायला लावायची, मग ते पोर वर्गात तोंड उघडेल कशाला, आणि तोंड उघडलं नाही की शिक्षक म्हणणार मंद आहे.

हे बदलता येतं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या अॅन आर्बर शहरातल्या शाळेच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की कृष्णवर्णीय मुलांची घरची बोली शिक्षकांनी समजून घ्यायला हवी आणि वाचायला शिकवताना ती लक्षात घ्यायला हवी. म्हणजे शिकायची पाळी शिक्षकांवर आली. प्रमाण भाषा शिकवू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, ती जरूर शिकवा, पण घरच्या बोलीला चूक म्हणू नका.

मुलाखतीत उच्चार कसे सुधारावेत यावर पेपरात लेख येतच असतात, एकदा मुलाखत घेणाऱ्यांनी नीट कसं ऐकावं यावरही लेख छापा ही कळकळीची विनंती.

– एक वाचक