गवती चहातले तण टाकीत जाते

संपादक महोदय,

‘गवती चहाला निंदणी लागत नाही’ असे रोपे विकणारे सर्रास सांगतात. फुटवे ओळीत भिडल्यावर ते बरेचसे खरे ठरते. पण लावणीनंतरचा पहिला महिना-दीड महिना आणि प्रत्येक कापणीनंतरचे तीन-चार आठवडे जमीन उघडी असते. तण तेवढ्यात डोके वर काढते.

इथे तण नुसते अन्न-पाणी खात नाही, ते विळ्याखाली येऊन ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे वाफेने सुगंधी तेल काढण्याच्या, टाकीत जाते. हिरव्या पाल्यातून तेल निघते साधारण अर्धा टक्का. टनभर मालात क्विंटलभर तण असेल तर तेवढी जागा, वाफ आणि सरपण फुकट. ओसाडी, रानतुळस यांना स्वतःचे तेल असते. ते मिसळले की वास बदलतो, सिट्रालचे (लिंबासारखा वास देणाऱ्या मुख्य घटकाचे) प्रमाण घटते आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणून कापणीच्या आदल्या दिवशी उंच तणे उपटून बांधावर टाकावीत. ही मजुरी वाचवू नये.

हरळी आणि लव्हाळा ही चिवट तणे असलेल्या रानात लावणीची घाई नको. उन्हाळ्यात खोल नांगरट करून त्यांच्या काश्या-गाठी (जमिनीतली खोडे-कंद) वेचाव्यात, पहिल्या पावसानंतर उगवलेले तण कुळवाने मोडावे, मगच दोन बाय दीड फुटावर ठोंब लावावेत. शेणखत पुरते कुजलेले हवे. कच्च्या खतातून तणाचे बी येते. तीन आठवड्यांनी खुरपणी, पुढे ओळींतून कोळपणी.

सर्वांत स्वस्त उपाय टाकीतूनच निघतो. तेल काढलेला चोथा वाळवून एकरी एक-सव्वा टन ओळींमध्ये पसरावा. वाफेने त्यातले तणबी मेलेले असते. ठोंबाच्या गाभ्यावर मात्र टाकू नये, फुटवे कुजतात. वाळवी असलेल्या रानात थर पातळच ठेवावा.

तणनाशकाबाबत हात आखडता घ्यावा. क्विझालोफॉप हे गवतांवरचे तणनाशक हरळी मारते, पण गवती चहाही गवतच! लेबलवर आपले पीक नसेल तर फवारू नये. तेलात विरघळणारे काही अंश वाफेबरोबर तेलात उतरू शकतात. ग्लायफोसेटचा वापर तर केंद्राने 2022 मध्ये परवानाधारक कीडनियंत्रकांपुरताच मर्यादित केला आहे.

जिरेनियम या दुसऱ्या सुगंधी पिकवाल्यांनी आणखी एक पाहावे: उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून जिरेनियमात वापरला तरी पाने वेडीवाकडी होतात. या पिकाला पंप वेगळाच ठेवावा.

– सुगंधी वनस्पती उत्पादक, जि. सातारा