पेनाने आखलेली रेघ

बर्न वॉर्डातल्या सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या हातून रोज इतके पेशंट जातात, अण्णा आठवतील का? गुऱ्हाळावर पाय घसरून काहिलीतला उकळता रस मांडीवर सांडलेले गुळव्या. त्यात साखरेचा आजार. (गूळ करणाऱ्यालाच शुगर, यावर तुम्हीही हसला होतात.) भाजल्या भाजल्या कुणीतरी शेतातली ओली माती थापली. थंडावा मिळेल म्हणून. आम्हीही अडवलं नाही.

नवव्या दिवशी ड्रेसिंग सोडताना तुम्ही थांबलात. जखमेच्या कडेला रुपयाएवढा काळा डाग होता. मला ती खपली वाटली. तुम्ही निळ्या पेनाने त्याभोवती रेघ ओढलीत आणि संध्याकाळी पुन्हा पट्टी सोडलीत. डाग रेघ ओलांडून बोटभर पुढे गेला होता. डॉक्टरांना तुम्हीच बोलावून आणलंत. मांसाचे दोन तुकडे काढले, तेव्हा एक सलाइनमध्ये ठेवायला लावलात. ‘दोन्ही फॉर्मलिनमध्ये टाकले तर कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये वाढवून ओळखायला, बुरशी जगायची नाही,’ म्हणालात.

रात्रीच लॅबचा फोन आला, म्युकर नावाची बुरशी. आम्हाला म्युकर माहीत होता तो 2021 मधला, नाकाडोळ्यांतला. मातीतून जखमेतही शिरतो, हे तेव्हा कळलं. डॉक्टरांनी अमेरिकेतल्या जॉपलिनचं सांगितलं. 2011 च्या टोर्नेडो वादळात जखमी झालेल्या 13 जणांना अशीच बुरशी झाली, त्यातले 5 गेले. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. रक्त नाही तिथे औषधही पोचत नाही, म्हणून मेलेलं मांस कापावंच लागतं. अण्णांचं तीनदा कापलं.

बुरशीवरचं औषध अँफोटेरिसिन चालू असताना अण्णा हुडहुडी भरून खाट हलवायचे, रक्तातलं पोटॅशियम उतरायचं. एका रात्री बदलीवरचा मुलगा ते साध्या सलाइनमधून लावायला निघाला होता, त्यात ते साकळतं. तुम्ही धावत येऊन डेक्स्ट्रोजची बाटली हातात दिलीत. मग त्याला ओरडलात, आणि नंतर चहाही पाजलात!

आता मांडीवर दुसऱ्या मांडीची कातडी बसलीय. गुडघा पुरता वाकत नाही, तरी खुर्ची टाकून अण्णा काहिलीपाशी असतात. शेजारी गार पाण्याचं पिंप भरलेलं असतं. परवा एका पोराचा हात पोळला, तर माती घेऊन धावलेल्या माणसावर अण्णाच खेकसले.

यंदाच्या गुळाचा पहिला रवा वॉर्डात पाठवलाय. अण्णांना चाखू दिलेला नाही.

तुमची,
अण्णांची थोरली सून