पोर कुणाच्या हातात दिलं? वडगावच्या पाळणाघरासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

बेळगावातल्या वडगावात आमच्या महिला मंडळाचं पाळणाघर सकाळी साडेआठला उघडतं आणि संध्याकाळी साडेसहाला बंद होतं. आज पटावर ३४ मुलं आहेत. कुणाची आई यंत्रमागासाठी कांड्या भरते, कुणाची उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जाते, दोघी-तिघी पहाटेच भाजी घेऊन बाजारात बसतात. ज्या ठिकाणी ५० किंवा त्याहून जास्त लोक कामाला आहेत, तिथे पाळणाघराची सोय करणं २०१७च्या कायदादुरुस्तीने मालकावर बंधनकारक केलं. आमच्या बायका राबतात तिथे दहा-पंधरा माणसं असतात. कायदा त्यांच्या दारापर्यंत पोचत नाही, म्हणून मुलं आमच्या दारात येतात.

गेल्या आषाढातली गोष्ट सांगायलाच हवी. मंगाई देवीची यात्रा होती, घरोघरी पै-पाहुणे. दुपारी चारच्या सुमाराला एक तरुण आला, "मी मामा, न्यायला आलोय" म्हणाला. पोरगीही "मामा" म्हणत धावत गेली. मदतनीस बाईंनी तिला त्याच्या हाती दिलं. साडेचारला आई आली. "माझं पोर कुठं हाय वो ताई?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. हजेरी वहीत त्या पानावर एक सही होती, तीही पावसाच्या पाण्याने फुटलेली. वेळ लिहिलेली नव्हती, फोन नंबर नव्हता. पाऊण तास आम्ही यात्रेच्या गर्दीत धावत होतो. पोरगी आजीच्या घरी चिरमुरे-बत्तासे खात बसलेली सापडली. मामा खराच मामा होता. पण तो नसता तर? मुलाने ओळखणं म्हणजे आईने परवानगी देणं नव्हे, हे त्या दिवशी आमच्या काळजात कोरलं गेलं.

त्यानंतर आम्ही पाळणाघरांसाठी बनवलेली सॉफ्टवेअर पाहायला सुरुवात केली. टॅबलेटवर चालणारी ही व्यवस्था आहे. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं, त्यांचे फोटो आईनेच आधी देऊन ठेवायचे. यादीबाहेरचं कुणी आलं, तर आईला फोन लावून तिचा होकार मिळेपर्यंत नोंद पुढे सरकतच नाही. मूल आलं किती वाजता, गेलं किती वाजता आणि कुणाबरोबर, हे आपोआप लिहिलं जातं.

दुसरं काम आमच्या दृष्टीने तितकंच मोठं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान निकष दिले. त्यांत तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित ताई आणि त्यावरच्या २० मुलांमागे एक, असं प्रमाण आहे. आमच्याकडे धाकटी १३ आणि थोरली २१, म्हणजे चार ताई लागतात. चार आहेतही. पण एक ताई रजेवर गेली, किंवा कुणाला ताप आला म्हणून एक जण डॉक्टरकडे धावली, की हिशेब मोडतो, आणि गडबडीत तो कुणाच्या लक्षात येत नाही. हजेरीवरून हे प्रमाण सुटलं की टॅबलेट तत्क्षणी इशारा देतो. मग मंडळातल्या कुणालातरी बोलावून घेता येतं. आम्ही सगळ्या गल्लीतच राहतो.

ताईंची पोलीस पडताळणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, अग्निशामक सिलिंडरचं रिफिल, यांच्या तारखांची आठवणही तोच करून देतो. गेल्या वर्षी आमच्या सिलिंडरची मुदत संपून चार महिने झाले होते. लेबल भिंतीकडे वळलेलं होतं, कुणी वाचलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मुलाच्या अंगावर वळ दिसला, मूल एखाद्या माणसाला पाहून अंग चोरू लागलं, तर त्याची तारीख-वेळेसह नोंद होईल, आणि ती नंतर कुणाला गुपचूप बदलता येणार नाही. पण लैंगिक अत्याचाराची नुसती शंका जरी आली, तरी २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. हा नंबर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि कन्नडमध्ये आम्ही दारावर लावला आहे. टॅबलेटवर नोंद झाली म्हणून आपलं काम संपलं, असं इथे कुणी मानणार नाही.

तीन कंपन्यांनी आम्हाला सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. दोन परदेशातल्या नियमांवर बेतलेली होती, ती परत पाठवली. आमच्या अटी चार: वीज आणि नेट गेलं तरी चालावं, कारण पावसाळ्यात दोन्ही जातात, आयांना मराठीत वाचता यावं आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना अहवाल कन्नडमध्ये काढून देता यावा, आम्ही वर्गणी थांबवली तरी आमच्या नोंदी आम्हाला परत मिळाव्यात, आणि मुलांची माहिती कुठल्याही जाहिरातीसाठी वापरली जाऊ नये. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. प्रत्येक आईशी बसून, वाचून दाखवून आम्ही ती घेत आहोत. मुलांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणंही आम्ही बंद केलं. काही आयांना वाईट वाटलं, तरी हा निर्णय बदलणार नाही.

आता खर्चाचं. दोन टॅबलेट २६,००० रुपये, सॉफ्टवेअरची दोन वर्षांची वर्गणी ३६,०००, बॅटरी-इन्व्हर्टर १४,०००, सिलिंडर आणि फाटकाची उंच कडी ८,०००, चार ताईंचं प्रथमोपचार प्रशिक्षण ६,०००. एकूण ९०,००० रुपये. मंडळाच्या शिलकेतून आणि आयांनी दिलेल्या पन्नास-पन्नास रुपयांतून २३,५०० जमले. ६६,५०० कमी पडतात. आयांची फी वाढवून ही रक्कम उभी करायची नाही, असं बैठकीत एकमताने ठरलं. फी वाढली की आई आधी मोठ्या बहिणीची शाळा बुडवून तिला धाकट्याजवळ घरी बसवते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

वडगाव, शहापूर, अनगोळ, टिळकवाडीतल्या आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला, गोव्याला असलेल्या बेळगावकरांना विनंती आहे, जमेल तेवढी मदत करा. गणेशोत्सव मंडळांनी वर्गणीतला थोडा वाटा काढला, तर एका मंडळाकडून एक टॅबलेट सहज होईल. जुना पण चालू टॅबलेटही चालेल, फक्त आधीची माहिती पुसून द्या. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, आणि जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला पाळणाघराच्या दारावर लागेल.

पैशांशिवाय आणखी एक हवं आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिता येणारा एखादा मुलगा किंवा मुलगी रविवारी दोन तास द्यायला तयार असेल, तर ३४ मुलांची जुनी माहिती टॅबलेटवर चढवून होईल. येताना पाळणाघर उघडं असतानाच या, म्हणजे सगळं पाहून मग ठरवता येईल. दुपारी एक ते तीन मुलं झोपलेली असतात, तेवढी वेळ टाळा.

आपल्या,
पाळणाघर चालवणाऱ्या महिला मंडळाच्या सर्व भगिनी,
वडगाव, बेळगाव