हॅलिफॅक्सच्या महापौरांना खुलं पत्र: पुढचा बास्केटबॉल संघ दारात येण्याआधी

प्रति,
माननीय महापौर,
हॅलिफॅक्स प्रादेशिक महापालिका,
नोव्हा स्कोशिया, कॅनडा

विषय: शहराचं क्रीडा सभागृह स्कोशियाबँक सेंटर एखाद्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाला देण्याआधी त्याच्या लीगची चौकशी करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे म्हणून राग नसावा. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात वेगळी पोचेल. पण मनापासून कुरकुर करायची तर ती मला मराठीतच जमते, आणि या शहरातल्या मराठी मंडळींनीही हे वाचावं असं वाटतं. शुक्रवारी संध्याकाळी मी सामन्याला निघालो की त्यांच्यातले निम्मे जण विचारायचे, "बास्केटबॉल? इथे? कोण बघतं?" त्यांनाही एक उत्तर द्यायचं राहिलंय.

मी चिपळूणचा. २०११ च्या सप्टेंबरात इथे आलो, तेव्हा या गावात ओळखीचं असं काहीच नव्हतं. मग कुठल्याशा बसथांब्यावर जाहिरात दिसली: हॅलिफॅक्स रेनमेन. पाऊसवाले! अर्धा जन्म पावसाला शिव्या घालण्यात आणि उरलेला त्याची वाट बघण्यात घालवलेल्या कोकणी माणसाने अशा संघाकडे पाठ कशी फिरवायची? तिकीट काढलं. नियमांपैकी चेंडू जाळीत टाकायचा एवढंच माहीत होतं.

खुर्चीवर टेकलो आणि पंधरा मिनिटांत पावलं गार पडली. शेजारचे आजोबा माझी चुळबुळ बघत होते. त्यांनी हसून बोटाने जमीन दाखवली आणि म्हणाले, "खाली बर्फ आहे." मला वाटलं, थट्टा करताहेत. सामना संपल्यावर मुद्दाम रेंगाळलो. कामगार आले, लाकडी कोर्टाचे चौकोन एकेक सुटे करून ढकलगाडीवर रचू लागले. कोर्टाच्या खाली काळपट फळ्या, आणि फळ्यांच्या खाली खरंच मूसहेड्सचा, म्हणजे इथल्या हॉकी संघाचा बर्फ, त्यावर हॉकीच्या निळ्या-लाल रेघा. दोन दिवसांनी तिथे हॉकीचा सामना होता. तेव्हापासून सामन्याला जाताना मी मोज्यांचे दोन जोड घालायचो, आणि मनात एक गोष्ट पक्की बसली: आपल्याकडे बास्केटबॉल दुसऱ्याच्या बर्फावर खेळतात.

महोदय, हे सभागृह शहराच्या मालकीचं आहे, म्हणजे इथे घरमालक तुम्ही. गेल्या तीन दशकांत या घरात तीन बिऱ्हाडं आली आणि मोडली. का मोडली ते एकदा क्रमाने बघू.

पहिलं बिऱ्हाड माझ्या येण्याआधीचं. त्याच आजोबांकडून ऐकलेलं आणि नंतर वाचून पडताळलेलं. १९९१ मध्ये विंडजॅमर्स नावाचा संघ इथे आला. सभागृहाचं नाव तेव्हा मेट्रो सेंटर. संघ ज्यात खेळायचा ती वर्ल्ड बास्केटबॉल लीग. नावात वर्ल्ड, पण संघ कॅनडा-अमेरिकेतले, आणि नियम असा की खेळाडू फार उंच नको! सुरुवातीला मर्यादा सहा फूट पाच इंच होती. ताडमाड माणसं एनबीएत, म्हणजे बास्केटबॉलच्या सर्वात मोठ्या लीगमध्ये जातात, आम्ही चपळ माणसं दाखवू, असा तो हिशेब. कॅल्गरी, सस्कॅच्वन, विनिपेग, हॅमिल्टन अशा ठिकाणीही संघ होते. सामने उन्हाळ्यात व्हायचे, त्यामुळे पायाखाली बर्फ नव्हता. पैशाच्या बाबतीत मात्र खाली काय होतं ते कोणालाच दिसत नव्हतं.

ओहायोतल्या यंग्जटाउनमध्ये फार-मोर नावाची स्वस्त औषध-दुकानांची मोठी साखळी होती. तिचा प्रमुख मिकी मोनस हाच या लीगचा पोशिंदा. १९९२ च्या उन्हाळ्यात उघड झालं की कंपनीचे हिशेब वर्षानुवर्षं खोटे लिहिले जात होते आणि तिच्या तिजोरीतले सुमारे एक कोटी डॉलर मोनसने परस्पर लीगमध्ये वळवले होते. हंगाम अर्ध्यात टाकून लीग बंद पडली, कंपनी दिवाळखोरीत गेली, मोनस पुढे तुरुंगात गेला. यंग्जटाउनच्या औषधवाल्याचा गल्ला आणि हॅलिफॅक्समधल्या खेळाडूचा पगार यांचा संबंध काय, असं कोणी विचारलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण संबंध होता, आणि करार करताना तो इथे कोणाला ठाऊक नव्हता. विंडजॅमर्स पुढे १९९३ मध्ये केवळ कॅनडापुरत्या एका नव्या लीगमध्ये खेळले. तीही १९९४ मध्ये गुंडाळली गेली.

इथल्या लोकांना खेळाची गोडी नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. देशातल्या विद्यापीठांची पुरुषांची अंतिम स्पर्धा १९८४ पासून २००७ पर्यंत याच सभागृहात भरत होती. आणि नंतर इथल्याच आसपासच्या वस्त्यांतून लिंडेल विगिन्टन आणि नेट डार्लिंग थेट एनबीएपर्यंत पोचले.

दुसरं बिऱ्हाड रेनमेनचं. डेट्रॉइटहून आलेल्या आंद्रे लेव्हिंग्स्टन यांनी तो संघ उभा केला. २००७ मध्ये रेनमेन अमेरिकेच्या एबीए लीगमध्ये उतरले. तिथे ठरल्या तारखेला समोरचा संघ येईल की नाही याचाच भरवसा नसायचा. लग्नाचा मांडव घालून बसायचं आणि वऱ्हाडच आलं नाही, तर जेवणाचं काय करायचं? कंटाळून २००८ मध्ये ते प्रीमियर बास्केटबॉल लीगमध्ये गेले. तिथे २०११ मध्ये पंचगिरीवरून मोठं भांडण झालं. हॅलिफॅक्स, सेंट जॉन आणि क्वेबेक असे तिघेही बाहेर पडले आणि आणखी चार संघांना घेऊन त्यांनी नॅशनल बास्केटबॉल लीग ऑफ कॅनडा उभी केली. हे चार म्हणजे ओंटारिओतले लंडन आणि ओशावा, न्यू ब्रन्सविकमधलं मंक्टन आणि प्रिन्स एडवर्ड बेटावरचं समरसाइड. मी आलो तो नेमका या लीगचा पहिला हंगाम. एका संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या पगाराला मिळून दीड लाख डॉलरची मर्यादा होती. पहिल्याच अंतिम फेरीत रेनमेन पोचले आणि लंडन लाइटनिंगकडून तीन-दोन असे हरले. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, हे गाव आपलं आहे. हरल्यावरच तसं का वाटतं कोण जाणे.

आता ३० एप्रिल २०१५. अंतिम फेरीत विंडसर एक्स्प्रेसशी सहा सामन्यांनंतर तीन-तीन अशी बरोबरी, आणि सातवा सामना ओंटारिओतल्या विंडसरमध्ये, म्हणजे इथून रस्त्याने दोन हजार किलोमीटरच्या आसपास. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. दुसऱ्या दिवशी शाळा असूनही तिला जागू दिलं होतं. ताटात वरणभात, मांडीवर लॅपटॉप. सामन्याची वेळ झाली, पण धावफलक काही हलेना. ती म्हणाली, "बाबा, नेट गेलंय." नेट नीट होतं. सामनाच नव्हता. त्या सकाळी सरावाच्या वेळी कोर्टावर दोन्ही संघांत तुंबळ हाणामारी झाली होती. रेनमेननी आपण इथे सुरक्षित नाही म्हणत खेळायला नकार दिला, आणि विंडसर एक्स्प्रेसला न खेळताच विजेतेपद मिळालं. "मग कोण जिंकलं?" या तिच्या प्रश्नाला मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये रेनमेननी दिवाळखोरी जाहीर केली.

चूक कोणाची, हा वाद मला उकरायचा नाही. हाणामारीत दोन्ही हात लागतात. मला खटकलं ते वेगळंच. आठ वर्षांत एक संघ तीन लीगमध्ये खेळला. ज्या संघाला दर दोन-तीन वर्षांनी नवं घर शोधावं लागतं, त्याच्याकडे वाईट दिवसासाठी काय शिल्लक राहणार? एक वाईट सकाळ आली आणि तेवढंच पुरे झालं.

तिसरं बिऱ्हाड हरिकेन्सचं. त्याच वर्षी नव्या मालकांनी नवा संघ उभा केला. पावसाच्या जागी वादळ आलं, एवढाच माझ्या लेखी फरक! आणि काय खेळले! २०१६, २०१७, २०१८ अशी सलग तीन वर्षं अंतिम फेरी हॅलिफॅक्स विरुद्ध लंडन अशीच झाली. २०१६ मध्ये हॅलिफॅक्स जिंकलं, पुढची दोन वर्षं लंडन. सभागृह, प्रेक्षक, चषक, सगळं जुळलं होतं. मग मार्च २०२० मध्ये महासाथ आली, हंगाम थांबला आणि हरिकेन्स परत आले नाहीत. फक्त आपणच नाही. केप ब्रेटन, मंक्टन, सेंट जॉन, प्रिन्स एडवर्ड बेट आणि न्यूफाउंडलंडमधलं सेंट जॉन्स, म्हणजे अटलांटिक किनाऱ्यावरचे सगळेच संघ एका फटक्यात पुसले गेले. २०२२ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा कॅनडातले चारच संघ उरले होते आणि चारही ओंटारिओतले.

कारण सरळ आहे. अशा लीगला टीव्हीचा पैसा नसतो. भारतात २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आमच्या गावच्या मैदानावरचा खेळ रातोरात घराघरांत पोचला, कारण मागे टीव्ही वाहिनी भक्कम उभी होती. इथे शुक्रवारची तिकिटं, शहरातल्या दुकानांच्या जाहिराती आणि पॉपकॉर्न यावरच चूल पेटते. दार बंद झालं की चूल विझते. सभागृहाचं भाडं, बस, हॉटेल आणि पगार मात्र काही थांबत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्याकडे सोयरीक जमवताना नवरदेव दिसायला कसा आहे हे नंतर बघतात, आधी घराणं विचारतात. (ही पद्धत लग्नात फार चांगली असं मी म्हणत नाही, माझ्या बायकोने हे वाचलं तर अडचण होईल. पण सभागृह भाड्याने देताना ती अगदी योग्य आहे.) हॅलिफॅक्समध्ये तिन्ही वेळा आपण नवरदेवाचा फेटा बघून भुललो. संघाची जर्सी बघितली, मालकाचा उत्साह बघितला. लीगकडे कोणी पाहिलं नाही, आणि दोनदा तरी घर बुडालं ते लीगच्या बाजूने.

पुढचा कोणी आपल्या दारात येईल, आणि येईलच, तेव्हा त्याच्याकडून आधी लीगचे कागद मागा. लीगचा खर्च कोण भागवतो आणि तो पैसा कुठून येतो, हे लेखी घ्या. उद्या संघमालक हात वर करून मोकळा झाला, तर खेळाडूंचा पगार आणि हंगामी तिकीटधारकांचे पैसे यांच्यासाठी एखादी ठेव तिऱ्हाइताकडे ठेवलेली आहे का, ते विचारा. नसेल तर ती भाडेकराराची अट करा. घरमालकाला एवढा हक्क असतो.

तारखांचं दुखणंही याच पठडीतलं. कॅनेडियन एलिट बास्केटबॉल लीग २०१९ पासून उन्हाळ्यात खेळते. तेव्हा हॉकीचा बर्फ उतरलेला असतो, आणि परदेशात खेळणारे कॅनडाचे खेळाडू घरी आलेले असतात. नायगरा रिव्हर लायन्स हा संघ आपल्याच जुन्या लीगमधून उठून तिथे गेला आणि २०२४ मध्ये अजिंक्य ठरला. पण तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. न्यूफाउंडलंडचा संघ २०२२ चा एकच हंगाम खेळला, ग्वेल्फचा संघ कॅल्गरीला गेला, हॅमिल्टनचा ब्रॅम्प्टनला. तेव्हा त्या लीगलाही तीच प्रश्नपत्रिका द्या. फक्त शनिवारची संध्याकाळ आधी हॉकीला आणि उरलीच तर बास्केटबॉलला, या पद्धतीने कोणताच संघ जगणार नाही, हे करार लिहिताना ध्यानात असू द्या.

माझी मुलगी आता कॉलेजात जाते. तिने शाळेत बास्केटबॉल खेळला, फार चांगला नाही, पण अजून खेळते. मागच्या आठवड्यात आवराआवर करताना तिला रेनमेनची एक जुनी टोपी सापडली. ती तिने घातली आणि मला विचारलं, "बाबा, त्या सामन्यात शेवटी जिंकलं कोण?" या वेळी खरं उत्तर दिलं. मग म्हणाली, "आणि आता नवा संघ आला तर तो किती वर्षं टिकेल?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिलं.

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल.

आपला,
सभागृहात दोन जोड मोजे घालून बसणारा एक करदाता
हॅलिफॅक्स