हार्टेनस्टाईनबद्दल, जरा सविस्तर

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू म्हणालास की हिटलरचे पाणबुडीवाले सगळे एकाच माळेचे मणी. फोनवर वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून लिहितोय. सगळ्यांबद्दल नाही, एकाच माणसाबद्दल, वेर्नर हार्टेनस्टाईन, यू-१५६ या जर्मन पाणबुडीचा कमांडर.

जन्म १९०८ चा, सॅक्सनीतल्या प्लाउएनचा. आधी टॉर्पेडो बोटींवर होता, पाणबुड्यांकडे आला १९४१ मध्ये आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्याला नवी कोरी यू-१५६ मिळाली, लांब पल्ल्याची, अटलांटिक ओलांडून पार कॅरिबियनपर्यंत जाणारी. माणूस कसा होता ते कळायला अरुबा या कॅरिबियन बेटावरची रात्र बघ. १६ फेब्रुवारी १९४२. सॅन निकोलासला मोठी तेलाची रिफायनरी होती, याने आधी तिथले टँकर टॉर्पेडोने फोडले आणि मग डेकवरच्या तोफेने रिफायनरीवर मारा करायचा हुकूम दिला. आता पाणबुडीची तोफ पाण्याखाली जाते ना, म्हणून नळीच्या तोंडाला बूच लावलेलं असतं, ते काढायचंच राहिलं, आणि पहिलाच गोळा नळीत फुटला. एक पोरगा गेला, एका ऑफिसरचा पाय गेला, त्याला मार्टिनिकला फ्रेंचांकडे उतरवावं लागलं. दुसरा कोणी असता तर तोफ गेली म्हणून गप्प बसला असता. याने नळीचं फाटलेलं टोक करवतीने कापून काढलं आणि त्याच थोट्या तोफेने पुढे जहाजं बुडवली! एकूण वीसेक जहाजं आहेत त्याच्या नावावर. हे आधी सांगतोय कारण पुढचं वाचून तुला वाटेल मी त्याला संत ठरवतोय, तसं नाहीये.

१२ सप्टेंबर १९४२, रात्रीचे आठ वाजून गेलेले, आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात त्याने लॅकोनिया नावाच्या मोठ्या ब्रिटिश जहाजाला दोन टॉर्पेडो मारले. जहाजावर साधारण २,७०० माणसं. त्यातले १,८०० च्या आसपास इटालियन युद्धकैदी, खाली होल्डमध्ये कोंडलेले, म्हणजे जर्मनांच्याच दोस्त देशाचे सैनिक, आणि वर ब्रिटिश सैनिक, पोलिश पहारेकरी, बायकामुलं. तासाभरात जहाज बुडालं. हार्टेनस्टाईन जवळ गेला तर अंधारात पाण्यातून इटालियन भाषेत मदतीच्या हाका येतायत. काय झालंय ते तिथे कळलं त्याला, आणि तो पाण्यातून माणसं उचलायला लागला, नुसते इटालियन नाहीत, जे हाताला लागतील ते सगळे.

विन्या, पाणबुडी आतून किती अरुंद असते! पन्नासेक माणसांना जेमतेम पुरेल अशी ती जागा, आणि सकाळपर्यंत १९३ लोक वर घेतलेले, त्यांना सूप, कॉफी, बायकांना झोपायला क्रूने आपल्या जागा दिलेल्या. मग त्याने जे केलं त्यावर माझा आजही विश्वास बसत नाही: रेडिओवरून, साध्या इंग्रजीत, कोडबिड काही नाही, सगळ्या जगाला आपली जागा कळवली की जो कोणी मदतीला येईल त्याच्यावर मी हल्ला करणार नाही, फक्त माझ्यावरही करू नका. युद्धात स्वतःचा पत्ता शत्रूला देणारा पाणबुडीवाला! जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनित्झ, त्यानेही अडवलं नाही, उलट यू-५०६, यू-५०७ आणि एक इटालियन पाणबुडी मदतीला पाठवली, पश्चिम आफ्रिकेतल्या बंदरांतून फ्रेंच जहाजं निघाली.

यू-५०७ चा कमांडर शाख्त. त्याच शाख्तने महिनाभर आधी ब्राझीलच्या किनाऱ्यावर काही दिवसांत सहा जहाजं बुडवली होती, सहाशेच्या आसपास माणसं गेली, ब्राझील त्यामुळेच युद्धात उतरला. आणि आता तोच माणूस लोकांना पाण्यातून ओढून काढतोय. माळेचे मणी म्हणतोस ना, मला तर एका माणसाचाही हिशोब एका ओळीत मांडता येत नाही.

१६ तारखेला अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून अमेरिकन लिबरेटर बॉम्बर विमान आलं. तेव्हा पाणबुडीवर शंभरावर माणसं, मागे दोरीने बांधलेल्या चार लाईफबोटी, त्यातही बरीच, आणि तोफेवर रेड क्रॉसचं भलंमोठं निशाण पसरलेलं. पाणबुडीवरच्या एका ब्रिटिश ऑफिसरने दिव्याने विमानाला संदेशही दिला की वर बायकामुलं आहेत. वैमानिकाने बेटावर विचारलं काय करू, तर ऑर्डर आली, बुडवा. बॉम्ब पडले, एक त्या लाईफबोटींच्या मधेच. पाणबुडीतही पाणी शिरायला लागलं तेव्हा हार्टेनस्टाईनने दोर कापायला लावले, वरच्या लोकांना पाण्यात उतरवलं आणि बुडी मारली. त्यात अजून माणसं मेली. हा निर्णय मला कितीही विचार केला तरी चुकीचा म्हणता येत नाही, आणि बरोबर म्हणायला जीभही उचलत नाही.

फ्रेंच जहाजांनी बऱ्याच जणांना वाचवलं, तरी १,६०० च्या आसपास लोक गेलेच. एक लाईफबोट २७ दिवसांनी लायबेरियाच्या किनाऱ्याला लागली, ६८ पैकी १६ जण जिवंत. आणि १७ सप्टेंबरला डोनित्झने हुकूम काढला, यापुढे बुडवलेल्या जहाजाच्या माणसांना वाचवायचा प्रयत्नच करायचा नाही, कठोर व्हा. त्याच दिवशी हार्टेनस्टाईनला नाईट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक मिळालं. ८ मार्च १९४३ ला बार्बाडोसच्या पूर्वेला अमेरिकन कॅटालिना विमानाने यू-१५६ बुडवली, सगळे ५३ जण गेले.

आता तू वकील म्हणून तुला विचारतो. युद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला चालला, तिथे तो हुकूम डोनित्झच्या विरुद्ध पुरावा म्हणून आला, मग पॅसिफिकमधल्या अमेरिकन ताफ्याचा प्रमुख राहिलेल्या ॲडमिरल निमित्झने लेखी दिलं की पॅसिफिकमध्ये आम्हीही वाचलेल्यांना साधारण उचलत नव्हतो, आणि कोर्टाने पाणबुडी युद्धाच्या नियमभंगासाठी डोनित्झला वेगळी शिक्षा धरली नाही. पण बुडवा म्हणणाऱ्या अमेरिकन ऑफिसरवर खटला वगैरे काहीच नाही. नुसतं निशाण पसरलं, आधी कुठला करार नाही, तर कायद्याने त्या पाणबुडीला संरक्षण मिळत होतं का? आणि लाईफबोटींचं काय, त्या तर शस्त्राविना होत्या? नीट पुस्तकं बघून लिही, घाईत फोन करू नकोस.

तुझा,
सुध्या