ताईला बी-१२ सांगून लस टोचू नकोस

पंचवटी, नाशिक
१५ जून २०२५

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला. फोनवर हे सगळं नीट बोलून होणार नाही, मध्येच कुणीतरी येतं, म्हणून लिहूनच पाठवतो. आधी महत्त्वाचं सांगतो, कारण गुरुवारी तुझ्या ताईला लशीसाठी दवाखान्यात नेणार असं तू लिहिलंयस. “बी-१२ चं इंजेक्शन आहे” असं सांगून तिला नेऊ नकोस.

लस हवी की नको, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जानेवारीत ताईला न्यूमोनिया होऊन गेला. ती क्लोझापिनवर, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या गोळीवर आहे आणि रात्री उशी लाळेने भिजते, हे तूच लिहिलंस. ती लाळ झोपेत श्वासनलिकेत उतरते. या गोळीवरच्या माणसांना न्यूमोनियाचा धोका जास्त असतो, त्याचं हे एक कारण. त्यामुळे डॉक्टरांनी फ्लूची आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) लस सुचवली ते योग्यच केलं. माझा सगळा विरोध त्या बी-१२ ला आहे.

आमच्याकडे काय झालं ते मी तुला कधी पूर्ण सांगितलं नाही. माझा दादाही स्किझोफ्रेनियाचाच रुग्ण. तो गोळ्या घेईना, तेव्हा आई त्या कुटून वरणात घालायची. तिला तसं करायला मीच सांगितलं होतं. पाच-सहा महिने बरं चाललं. एकदा वाटीच्या तळाशी पांढरा चुरा राहिला आणि तो त्याने बोटाने चाटून पाहिला. ओरडला नाही, भांडला नाही. दुसऱ्या दिवसापासून घरचं शिजवलेलं खाणं त्याने बंद केलं. केळी, भुईमुगाच्या शेंगा, उकडलेली अंडी, तीही स्वतः सोललेली. साल असलेल्या वस्तूत कुणाला काही घालता येत नाही ना! तीन महिने आई त्याच्यासमोर ताट ठेवायची आणि तो खिशातून केळं काढायचा. आई गेली, पण ते ताट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मग आलं २०२१. दुसऱ्या लाटेत नाशिकची काय दशा झाली होती, तुला माहीत आहे. २१ एप्रिलला ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, २२ रुग्ण दगावले, आणि त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी धड झोपलं नाही. दादा ४७ वर्षांचा, त्यामुळे १ एप्रिलपासूनच त्याला लस घेता येत होती. तो “नको” म्हणाला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा चिप, वांझपण, दोन वर्षांत मरण असले मेसेज फिरत होते. ते पाठवणारे सगळे नोकरीधंद्याला जाणारे, एकही गोळी चालू नसलेले लोक. दादा यातलं अवाक्षर बोलला नव्हता. तरी त्याने नको म्हटल्याबरोबर आम्ही ठरवून मोकळे झालो की हा आजारच बोलतोय. का नको, हे मी दोन महिने विचारलंच नाही.

जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर आम्ही पहाटे गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, फिरायला जाऊ लागलो. एकदा गाडगे महाराज पुलाजवळ बसलो असताना सहज विचारलं, “दादा, नक्की भीती कशाची वाटते रे?” बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “टोचल्यावर मी उठेन कुठे?”

मी गप्पच झालो. २००४ साली त्याला पहिल्यांदा ॲडमिट केलं, तेव्हा दोन माणसं घरी आली होती. त्याचे हात काकांनी आणि मी धरले होते, पाय त्या दोघांनी. इंजेक्शन दिलं आणि तो जागा झाला तो वॉर्डात. घरच्यांच्या हातून मिळालेलं इंजेक्शन म्हणजे काय, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याची भीती अनुभवातून आली होती, आणि आम्ही तिला भ्रम म्हणत होतो.

आणखी एका गोष्टीचा मला आजही राग येतो. १ मार्च २०२१ ला ४५ ते ५९ वयाच्या आजारी माणसांना आधी लस द्यायचं ठरलं, त्यासाठी २० आजारांची यादी निघाली. मधुमेह होता, हृदयविकार होता, स्किझोफ्रेनिया हा शब्द नव्हता. त्याच जानेवारीत न्यूयॉर्कच्या सात हजारांवर कोविड रुग्णांचा अभ्यास छापून आला होता. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत मृत्यूची शक्यता सुमारे २.७ पट निघाली होती, आणि त्याहून मोठं कारण फक्त वय हेच होतं. दादाचे डॉक्टर दर महिन्याला झोप विचारायचे, गोळ्या विचारायचे. लस घेतली का, हे एकदाही विचारलं नाही. ज्यांना आपण “लस नाकारणारे” म्हणतो, त्यांतल्या कितीजणांना कुणी सरळ तोंडाने विचारलंच नसेल!

पुलावरच्या त्या बोलण्यानंतर, जूनअखेरीस दादा स्वतःहून म्हणाला, “चल, पण तू हात धरायचा नाहीस.” महापालिकेच्या शाळेत केंद्र होतं. सिस्टरने मला काही न विचारता त्यालाच विचारलं, “काका, कुठला दंड?” त्याने विचारलं, “यात झोपेचं काही आहे का?” तिने कुपीवरचं लेबल त्याच्याकडे फिरवलं आणि म्हणाली, “वाचा.” तो एकेक अक्षर वाचत बसला. मागे रांगेत कुरकुर सुरू झाली, पण तिने घाई केली नाही. “झोपेचं काही नाही. अर्धा मिली फक्त. अर्धा तास त्या बाकावर बसायचं आणि यांच्याबरोबर घरी जायचं.” मग त्यानेच बाही वर केली. बाकावर बसल्यावर खिशातली छोटी डायरी काढून लिहिलं, “११.४०, जागा आहे.” पाच मिनिटांनी पुन्हा, “११.४५, जागा आहे.” १२.१० पर्यंत अशा सात ओळी झाल्या. मग डायरी मिटून म्हणाला, “चल घरी.” दुसऱ्या डोसची ८४ दिवसांनंतरची तारीख त्यानेच मोजून कॅलेंडरवर लिहिली. आता दर पावसाळ्याच्या तोंडावर तो फ्लूची लसही घेतो.

म्हणून सांगतो, ताईला आधी विचार. वहिनींसमोर नको, मुलांसमोर नको, दोघंच असताना. आणि विचारल्यावर गप्प बस, तिचं होऊ दे. पूर्वी जिथे तिला ॲडमिट केलं होतं, त्या दवाखान्यात तर नेऊच नकोस. लस बऱ्याच साध्या फॅमिली डॉक्टरांकडेही मिळते. कुपी आणि नाव तिला दाखवायला सांग. लशीनंतर एखादा दिवस कणकण येते, हेही आधीच सांगून ठेव, नाहीतर तेवढीच कणकण तिला फसवणुकीचा पुरावा वाटेल. मात्र ताप चढला किंवा ती नेहमीपेक्षा जास्त सुस्तावली, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांना फोन कर. तापात क्लोझापिनची रक्तातली पातळी वाढू शकते, आणि या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून त्याही बघाव्या लागतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस.

आणि एवढं करूनही ती नाही म्हणाली तर? मग यंदा लस नाही. हे लिहिताना माझा जीव खालीवर होतोय, तिचा जानेवारीतला खोकला मीही फोनवर ऐकलाय. पण महिनाभराने पुन्हा विचारता येईल. ती तुझ्या हातचं जेवायची थांबली, तर पुढचं काहीच विचारता येणार नाही. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुणावरही लशीची सक्ती करता येणार नाही. त्या “कुणावरही”मध्ये आपली ताईसुद्धा येते.

दादाला सकाळी तुझं सगळं सांगितलं. न विचारता सांगितलं म्हणून आधी थोडा रागावला, मग म्हणाला, “तिला माझ्याशी बोलायचं असेल तर बोलू दे. दुपारी चारनंतर मी जागा असतो.”

तुझाच