सेलममध्ये पहिले घर बांधणारा माणूस

सेलम, मॅसेच्युसेट्स
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आप्पांस,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मागे पाठवलेल्या फोटोतला उंच टोपीचा, अंगावर पायघोळ झगा घेतलेला पुतळा कोणाचा, असे तुम्ही विचारले होते. तो रॉजर कोनंट. शेजारीच चेटकिणींचे संग्रहालय असल्यामुळे बरेच प्रवासी त्यालाही त्यांतलाच समजून फोटो काढतात. वास्तविक १६९२ चे चेटूक केल्याच्या आरोपांचे ते कुप्रसिद्ध खटले उभे राहिले, तेव्हा त्याला जाऊन तेरा वर्षे झाली होती.

हा इंग्लंडातल्या डेव्हन परगण्याचा, ईस्ट बडली गावचा. केप अ‍ॅन येथील मासेमारीची वसाहत बुडीत निघाल्यावर १६२६ मध्ये थोड्या माणसांनिशी तो इथे, म्हणजे तेव्हाच्या नॉमकीगला, आला. दोनच वर्षांत वसाहत चालवणाऱ्या इंग्लिश कंपनीने एंडिकॉट नावाचा नवा प्रमुख पाठवला आणि याचा कारभार गेला. तरी भांडत न बसता त्याने नवख्यांशी जुळवून घेतले, आणि १६२९ मध्ये गावाला 'शांती' या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून सेलम हे नाव मिळाले. पुढे तो गावच्या पंचांत बसला, १६३४ मध्ये वसाहतीच्या सभेत गावचा प्रतिनिधी झाला. जमिनी वाटून देणे, हद्दी ठरवणे, कुंपणांचे तंटे मिटवणे, हे पंचांचे काम. म्हणजे तुम्ही तलाठी म्हणून जन्मभर ज्यात बुडालेले होता तेच. १६३६ मध्ये बास नदीच्या मुखाशी नव्हे, तर वरच्या टोकाला, पाच जुन्या वसाहतकऱ्यांना प्रत्येकी २०० एकर मिळाले, त्यांत हाही होता.

मात्र तुम्हाला खटकेल अशी एक गोष्ट इथल्या दप्तरात आहे. मूळ रहिवाशांच्या वारसांकडून सेलमच्या जमिनीचे खरेदीखत झाले ते १६८६ मध्ये, २० पौंडांना. कब्जा आधी आणि कागद साठ वर्षांनी! त्याआधीच साथींनी त्या लोकांची वस्ती जवळजवळ संपवली होती.

कोनंटची ही जमीन होती तो खाडीपलीकडचा भाग १६६८ मध्ये बेव्हर्ली नावाने वेगळा झाला. लोक चेष्टेने त्याला 'बेगर्ली', म्हणजे भिकारडे, म्हणू लागले. १६७१ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, कोनंटने सभेकडे अर्ज केला, की सेलममध्ये पहिले घर माझे, पण त्या किंवा दुसऱ्या कुठल्याही गावाला नाव देण्यात माझा हात नव्हता. तरी माझ्या जन्मगावावरून बेव्हर्लीला बडली म्हणावे. अर्ज फेटाळला गेला. मी रोज लोकलने खाडीवरचा पूल ओलांडतो, तेव्हा पलीकडच्या स्थानकावर बेव्हर्लीच वाचतो.

असा अर्ज तुमच्या कचेरीत आला असता, तर तुम्ही त्यावर काय शेरा मारला असता, ते उलटटपाली जरूर कळवावे. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
सुहास